तुळशीतलं अर्थिंग

मामा वायरचं प्लास्टिक दातांनी सोलायचे. वरच्या पुढच्या दाताला त्यामुळे एक खाच पडली होती, बरोबर वायर बसेल एवढी. नवीन कोणी भेटलं की ओठ वर करून ते ती खाच दाखवायचे. "पकड हरवते," म्हणायचे, "दात हरवत न्हाय." दात पडू शकतो, असं मी एकदा म्हणाले. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू शिकलेल्या सुनेकडून दुसरी काय अपेक्षा करायची.

ते माझ्या नवऱ्याचे मामा, पण सख्खे नव्हेत. सासूबाईंचं माहेर दिघाशीचं आणि मामा त्यांच्याच आळीतले. सासूबाईंना पाठचा भाऊ नाही, म्हणून लहानपणापासून त्या यांनाच ओवाळत आल्या. सासूबाईंना आम्ही सगळे आई म्हणतो. या आईंसमोर त्यांच्या सासरच्या माणसांबद्दल काहीही बोललेलं चालतं, त्या स्वतःच दोन गोष्टी पुरवतात. दिघाशीबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही. तिथला तांदूळ वेगळा, तिथलं पाणी वेगळं, आणि तिथला वायरमन तर काय विचारूच नका.

टेमघरचं आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, बैठं. सासरे गेले, घर जुनं झालं, आणि आम्ही ते दुरुस्तीला काढलं. नवीन फरशी, नवीन मोरी, वर पत्रे होते तिथे स्लॅब. विजेचं सगळंच काम नव्याने करायचं होतं. मी नवऱ्याला म्हणाले, लायसन असलेला कोणीतरी बघू. तो गोदामात सुपरवायझर, तिथल्या माणसाला विचारतो म्हणाला. आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा भाऊ वायरमन असताना माझ्या घरात परका वायर लावणार. बरं हाय." विषय तिथे संपला.

मामांनी सगळी उमर भिवंडीच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमध्ये घालवली होती. लूमच्या मोटारी, त्यांचे स्टार्टर, फ्यूज, शेडमधल्या लाईनी, हेच त्यांचं शिक्षण. लूम बंद पडला की शेठ ओरडायचा, कारागीर हातावर हात ठेवून बसायचे, आणि मग मामांना बोलावणं जायचं. ते आले की लूम चालू. कसा चालू झाला ते कोणी विचारायचं नाही. फ्यूजच्या जागी खिळा असेल, दोन वायरी नुसत्या पिळलेल्या असतील, पण खटखट सुरू झाली की मामांची पाठ थोपटली जायची. ईदच्या आधीची ऑर्डर अडकली होती तेव्हा आपण सगळी शेड फ्यूजऐवजी लोखंडी पट्टीवर चालवली, हा किस्सा त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितला असेल. शेठने गळ्यात हार घातला होता म्हणे. "चालू झाला ना? मंग झालं," हे त्यांचं वाक्य त्या शेडमधलंच. आमच्या घरीही ते तेच ऐकवत राहिले.

मी शिक्षिका, माझी शाळा सकाळची. दुपारी घरी आले की रोज काहीतरी नवीन बघायला मिळायचं. मामा उंच, सहा फुटांच्या वर. बोर्ड त्यांनी स्वतःच्या खांद्याच्या उंचीवर बसवले. आईंचा हात तिथे पोचेना. मी म्हणाले, मामा, हे खाली घ्या. ते म्हणाले, "खाली असलं की पोरं खेळतात." आमच्या घरात तेव्हा कोणतंही पोर नव्हतं, माझी मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला होती. मी हे सांगितलं तर म्हणाले, "पावणे येतात ना?" आई निमूटपणे पाटावर चढून दिवा लावायला लागल्या. वर मलाच म्हणाल्या, तेवढाच व्यायाम.

हॉलच्या पंख्याचं बटण स्वयंपाकघरात निघालं. बाहेरची बेल दाबली की मोरीतला दिवा मिणमिणायचा. हिरवी, लाल, काळी, पिवळी, हाताला येईल ती वायर मामा ओढायचे. रंगांचा काही नियम असतो हो मामा, असं म्हटलं तर म्हणाले, "करंटला डोळे हायत काय?" करंटबद्दल ते नेहमी असंच बोलायचे, जणू गावातलाच कोणी ओळखीचा माणूस. तो कुठे रुसतो, कुठे तापतो, कोणाला ओळख देतो. टेस्टर वापरणं म्हणजे त्यांच्या लेखी परक्यासारखं वागणं. ते बोटाची मागची बाजू तारेला टेकवायचे आणि म्हणायचे, "हाय." किंवा, "न्हाय." पायात ट्रकच्या टायरच्या जाड तळाच्या चपला. त्या ते घरातही काढत नसत. आईंनी इतर कोणालाही चपला घालून उंबरा ओलांडू दिला नसता.

मी नवऱ्याकडे तक्रार केली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तूच सांग ना आईला." मी म्हटलं, आई तुझी आहे. तो म्हणाला, "म्हणूनच." आणि शिफ्टला गेला.

मेन बोर्डात एक बटण असतं, ईएलसीबी. कुठे करंट गळायला लागला, कोणाला शॉक बसला, की ते आपोआप पडतं आणि घराची लाईट बंद होते. नवऱ्याने गोदामातल्या माणसाला विचारून ते मुद्दाम चांगल्यातलं आणलं होतं. गणपतीच्या आधी काम संपलं, रंग झाला, आणि ते बटण पडायला लागलं. कपडे धुताना पडायचं, भांडी घासताना पडायचं. आरतीच्या मधेही एकदा पडलं. मी मामांना फोन केला. ते आले, बोर्डापुढे उभे राहिले आणि बटणाकडे बघून जिभेने च्यक् केलं. "नाजूक माल हाय," म्हणाले. "लूमला असं बटण असतं तर भिवंडीत चिंधी विणली नसती कोणी." मी वर्गावर जाण्याच्या घाईत होते. दुपारी आले तर लाईट छान चालू होती. त्यानंतर बटण कधीच पडलं नाही. आईंनी दिघाशीच्या कौतुकाचा आणखी एक भाग ऐकवला.

मामांनी काय केलं होतं ते आम्हाला नंतर कळलं. बटण जागेवर ठेवून त्यांनी वायर त्याच्या बाजूने थेट पुढे नेली होती. बटण दिसत होतं, पण त्यातून काहीच जात नव्हतं.

त्याच सुमाराला आईंनी स्वयंपाकघरात चपला घालायला सुरुवात केली. हे मी लगेच हेरायला हवं होतं असं कोणी म्हणेल, आणि मी हेरलंही. जिने लग्न झाल्यापासून मला देवाच्या आणि चुलीच्या जागी अनवाणी वावरायला लावलं, ती बाई रबरी स्लिपर घालून पोळ्या लाटत होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "टाचा दुखतात. नवीन फरशी गार हाय." मला पटलं नाही, पण आईंच्या टाचांशी वाद कसा घालणार? मग एकदा मी फ्रीज उघडायला गेले आणि हाताला मुंग्या आल्या. ओव्हनला हात लावला, तिथेही मुंग्या. वॉशिंग मशीनच्या कडेला तर चांगला झटका बसला. मी आईंना विचारलं, तुम्हाला लागतं का हे? त्या भाजी चिरत राहिल्या. "जरासं लागतं कधीमधी," म्हणाल्या. "नवीन लाईन हाय. बसेल हळूहळू."

लाईन कशी बसते हो आई? मी तेव्हाच मामांना परत फोन केला. ते आले, फ्रीजला पंजा लावून उभे राहिले. मशीनवर दोन्ही हात टेकले. पायात त्या चपला. "कुठं हाय?" म्हणाले. "मला तर कायच लागत न्हाय. पोरी, तुझे हात ओले असतील." मी कोरडे हात दाखवले. ते हसले आणि आईंना म्हणाले, "ताय, शिकलेल्या बाईला सगळीकडं शॉकच दिसतो." आईही हसल्या. मला इतका राग आला की मी चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवला. तेवढंच करता आलं.

नवऱ्याला मी सांगितलं की या रविवारी दुसरा वायरमन आण, आईचं मी बघते. रविवार यायचा होता. त्याआधीच एका सकाळी मी शाळेत असताना आई मोरीत गेल्या, अनवाणी. स्लिपर धुऊन वाळत घातल्या होत्या. एक हात मशीनवर, दुसरा नळाला. शेजारणीने धप्प असा आवाज ऐकला. आत आली तर आई मोरीच्या उंबऱ्यावर आडव्या, हात विचित्र वाकलेला. मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या, चिकटल्या असत्या तर अवघड होतं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. मामांचा, नवऱ्याचा, आणि प्लास्टर घातलेल्या आईंचाही. त्या मला सांगत होत्या की पाय घसरला असं दिघाशीला कळव.

दुसरा वायरमन आला तो अंबाडी गावचा. घुम्या माणूस, कामापेक्षा फोटो काढण्यात जास्त रस. प्रत्येक बोर्ड उघडला की आधी मोबाईल बाहेर काढायचा. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "ग्रुपवर टाकतो." भिंतीच्या आतल्या जोडांवर काळ्या टेपऐवजी जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी होती. एका जोडावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून दोरा बांधलेला. बटणाभोवतून नेलेली वायर बघून तो पहिल्यांदा बोलला, "हे त्यांनी जाणूनबुजून केलंय." मग त्याने अर्थिंगची हिरवी वायर शोधायला घेतली. फ्रीज, मशीन, गीझर, सगळ्यांची हिरवी वायर एकत्र जोडलेली होती, तेवढं बरोबर. ती पुढे जमिनीत जायला हवी, घराबाहेर खड्डा करून पुरलेल्या पट्टीपर्यंत. पट्टी आम्ही आणून दिली होती. खड्डा कुठेच नव्हता. वायर भिंतीतून वर चढत गेली होती. आम्ही तिच्या मागोमाग जिना चढून स्लॅबवर गेलो.

वायर आईंच्या तुळशीत गेली होती. निळ्या प्लास्टिकच्या टबात आईंनी तुळस लावली होती. त्या मातीत पट्टी उभी खोचलेली आणि वायर तिला व्यवस्थित बांधलेली.

अंबाडीवाल्याने फोटो काढला नाही. मोबाईल खिशातच राहिला. म्हणाला, "ताई, याला पाणी कोण घालतं?"

आई घालायच्या. रोज सकाळी, तांब्याच्या लोट्याने, पट्टीवरूनच. गीझरमधून करंट गळत होता आणि त्या हिरव्या वायरीने तो सगळ्या घराला वाटला होता. जमिनीत जायला वाट नाही, म्हणून तो प्रत्येक लोखंडी वस्तूत येऊन बसला होता, वर तुळशीतही. ओल्या हाताने कोणी काही शिवलं की ईएलसीबी बिचारं पडून आम्हाला वाचवत होतं. त्याचीच मामांनी बोलती बंद केली होती.

त्याच दुपारी मामा बहिणीला बघायला आले. त्यांच्या हातात शेतातल्या काकड्या होत्या. मी त्यांना तिथल्या तिथे वर नेलं, तुळस दाखवली आणि विचारलं, हे काय आहे? ते शांतपणे म्हणाले, "अर्थिंग." मी म्हटलं, टबात? "माती हायच ना त्यात," मामा म्हणाले. "रोज पाणी पडतं. ओली माती लागतेच अर्थिंगला. बाहेर खड्डा केला असता तर पाणी कोण घालणार होतं?" त्यांना खरोखरच आपण डोकं लावलंय असं वाटत होतं. फसवलं असतं तर मी भांडले असते. हा माणूस मला आपली हुशारी समजावून सांगत होता.

खाली आलो. आई खाटेवर हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. अंबाडीवाला मशीनला एक बल्ब जोडून बघत होता, आणि बल्ब लागला होता. मामा त्याच्याकडे बघून म्हणाले, "बल्बला काय, कशानं पण लागतो. मला लागत न्हाय." आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

"चप्पल काढ," आई म्हणाल्या.

मामा थांबले. "मी काय देवळात आलो काय, ताय?"

"काढ म्हणते ना."

अंबाडीवाला म्हणाला, "चाचा, नका करू असलं काही." पण मामांनी चपला काढल्या. मी त्यांचे पाय प्रथमच नीट बघितले, पांढरे, मऊ, लहान मुलासारखे. ते कोरड्या फरशीवर उभे राहिले आणि मशीनला बोटांची मागची बाजू लावली. हात झटक्याने मागे आला. खांदा उडाला. मामांनी चपला परत घातल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "एवढा लागायचाच. शेडमध्ये एवढा तर रोज लागायचा."

"एवढ्यानंच माझा हात मोडला," आई म्हणाल्या.

मामा चहा न घेता गेले. काकड्या ओट्यावर राहिल्या. आईंनी दोन दिवस त्यांना हात लावू दिला नाही, मग म्हणाल्या, कोशिंबीर कर, वाया कशाला घालवायच्या. भिंती पुन्हा फोडल्या, नव्या रंगावर पुन्हा वायरींसाठी झिऱ्या पडल्या. अंगणात खड्डा झाला. बोर्ड खाली आले. ते सगळे दिवस घरात सिमेंटची धूळ, पोळीलाही तीच चव. दिघाशीचं नाव आईंच्या तोंडून आलं नाही.

दरवर्षी भाऊबीजेला मामा आमच्याकडे यायचे. त्या वर्षी दुपार झाली तरी आले नाहीत. आईंनी नवऱ्याला गाडी काढायला सांगितली. आम्ही दिघाशीला पोचलो तेव्हा मामा ओटीवर बसले होते. उठले, "ये ताय," म्हणाले, आणि मामींना पाण्यासाठी हाक मारली. मामी फ्रीजमधलं पाणी काढायला गेल्या. फ्रीजच्या दाराला एक घडी केलेलं फडकं कायमचं बांधलेलं होतं. त्यांनी फडक्याला धरून दार उघडलं, आत हात घालताना कडेला न शिवता बाटली उचलली, आणि कोपराने दार लावलं. इतकं सवयीने, की त्यांना ते कळतही नसावं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो असाच हाय. चावतो जरा."

म्हणजे आमच्या घराला त्यांनी कमी काही दिलं नव्हतं. स्वतःच्या बायकोला दिलं तेच दिलं होतं.

आईंनीही बघितलं. पाट मांडला गेला, मामा बसले. आईंचा उजवा हात अजून नीट वळत नव्हता, त्यांनी तबक डाव्या हातात धरलं, मी खालून आधार दिला. ओवाळून झालं. मामांनी साडीची पिशवी पुढे केली. आईंनी ती घेतली नाही.

"साडी नको मला," म्हणाल्या. "हिला फडकं सोडून फ्रीज उघडता येईल असं करून दे. तीच माझी ओवाळणी."

मामांनी पिशवी परत मांडीवर घेतली. मग म्हणाले, "करतो."

"तू न्हाय करायचं," आई म्हणाल्या. "करून घ्यायचं."

दिवाळी संपल्यावर अंबाडीवाल्याचा मला फोन आला. दिघाशीहून एका म्हाताऱ्याने बोलावलंय, तुम्हाला सांगू नको म्हणालाय, पण तुमचे मामाच वाटतात. जाऊ का? मी म्हटलं, जा, आणि फोटो काढू नकोस. नंतर तो सांगत होता की मामा दिवसभर त्याच्या मागे उभे राहून प्रत्येक जोडाला नावं ठेवत होते. पण खड्डा त्यांनी स्वतः खणला, कोणाला हात लावू दिला नाही. त्याने सांगितला त्यापेक्षाही खोल.

मामांनी चूक कबूल केली असेल, असं कोणाला वाटत असेल तर तो मामांना ओळखत नाही. आता ते अर्थिंगवर बोलतात. ओटीवर, बाजारात, अंबाडीच्या नाक्यावर चहा पिताना. अर्थिंग नसलेल्या घरात आपण पाणीसुद्धा पीत नाही, असं सांगतात. आमच्याकडे आले की मेन बोर्ड उघडून ईएलसीबीवर बोट ठेवतात आणि मला म्हणतात, "बग, हे पडायला पायजे. न पडणारं बटण काय कामाचं?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. त्यात तिळमात्र बनाव नसतो.

परवा ते आले होते तेव्हा समोर नव्याने राहायला आलेली शेजारीण बसली होती. ती घर दुरुस्तीला काढायच्या विचारात आहे. मामांनी तिला अर्थिंग समजावलं, ओठ वर करून दाताची खाचही दाखवली. ती चांगलीच भारावली. मामा हात धुवायला गेल्यावर मला हळूच म्हणाली, "तुमचं काम यांनीच केलं होतं ना? मग आमचंही यांनाच देते." मी आईंकडे बघितलं. समोर त्यांचा तो जरा तिरका बसलेला हात. मामा तोवर टॉवेलला हात पुसत दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं होतं.

आई त्यांच्यादेखत शेजारणीला म्हणाल्या, "भाऊ हाय माझा. वास्तुशांतीला जेवायला बोलव, पहिल्या पंगतीला बसव. काम दुसऱ्याला दे."

मामांनी मान हलवली. "बरोबर हाय," म्हणाले. "आपल्याला लूमची सवय." आणि काकडीची कोशिंबीर आहे का, ते विचारत पाटावर बसले.